लकव्याच्या रुग्णाला न विचारलेला प्रश्न

(अक्कलकुवा येथे सहकारी व देणगीदारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या त्रैमासिकात तुम्ही बाळंतपण, कुपोषण, सिकलसेल, सर्पदंश यांविषयी वाचता आणि त्यासाठी प्रार्थनाही करता. आज मी ज्या आजाराविषयी बोलणार आहे, त्याला आपण म्हातारपणाचा भोग समजून सोडून देतो. गावात म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ कोणी लकवा म्हणतो, डॉक्टर पक्षाघात म्हणतात. त्याच्याबरोबर मला शौचाविषयीही बोलायचे आहे. मंडळीच्या सभेत हा विषय सहसा कोणी काढत नाही, पण आज ऐकून घ्या.

आधी आपल्याच महाराष्ट्रातील एक अभ्यास सांगते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था आहे. तेथे मेंदुविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे यांनी सहकाऱ्यांसह 86 गावांतील मृत्यूंची कारणे शोधली. गावातले आरोग्यसेवक प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवत आणि घरच्यांना विचारून आजाराची हकीकत लिहून घेत. दोन वर्षांत 1599 मृत्यू झाले, त्यांतले 229 पक्षाघाताने. म्हणजे दर सात मृत्यूंमागे एक. इतर कोणत्याही एका कारणाने एवढी माणसे गेली नव्हती. हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. लकवा हा शहरातल्या खात्यापित्या लोकांचा आजार आहे, ही समजूत त्याने मोडली.

त्यातले आणखी दोन आकडे लक्षात ठेवा. पक्षाघाताने गेलेल्या शंभरांपैकी सुमारे 87 जण घरीच गेले. आणि पहिल्या महिन्यात गेलेले निम्म्याहून कमी होते. बाकीचे महिनाभराहून अधिक काळ, काही तर कितीतरी जास्त, घरी खाटेवर होते. त्या काळात त्यांच्याजवळ कोण होते? सून होती, मुलगी होती, म्हातारी बायको होती. नर्स नव्हती.

पहिल्या तासांविषयी थोडक्यात सांगते. तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात उचलत नाही किंवा बोलणे अडखळले, तर तो लकवा समजा. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते. गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि गुठळी की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. म्हणून 108 ला फोन करा आणि लकवा सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवा. रुग्णाला चहा, पाणी, गोळी काही देऊ नका. घसा लुळा पडलेला असेल तर घोट श्वासनलिकेत जातो. कबुतराचे रक्त चोळण्यात वेळ घालवू नका. सातपुड्यात अजूनही काही पाड्यांवरून माणसाला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, हे मला ठाऊक आहे. साडेचार तास त्यातच जातात. तरीही आणा. इंजेक्शनची वेळ टळली तरी दवाखान्यातल्या काळजीने जीव वाचतो.

आता घरी परतल्यावरचे. पक्षाघातानंतर सुमारे निम्म्या रुग्णांना बद्धकोष्ठ होतो. हालचाल थांबते, पाणी कमी जाते, काही औषधेही मळ घट्ट करतात. पण घरभेटीला गेल्यावर आम्हाला आणखी एक कारण दिसते. ते कोणत्याही रिपोर्टात येत नाही. रुग्ण मुद्दामच खात-पीत नाही. सुनेला आपले घाण काढावे लागेल, या शरमेने आजी पाण्याचा पेला परत करते. आजोबा अर्धी भाकरी ठेवून देतात. घरचे म्हणतात, ‘त्यांना भूक नाही.’ मग लघवी कमी होते, मळ दगडासारखा होतो आणि अंगातली उरलीसुरली शक्तीही जाते.

यातच एक फसवी अवस्था येते. आतड्याच्या शेवटी मळाचा घट्ट गोळा अडकतो आणि त्याच्या कडेने पातळ पाणी झिरपत राहते. घरच्यांना वाटते जुलाब लागले. ते जुलाब थांबवणारी गोळी देतात आणि गोळा आणखी घट्ट होतो. म्हणून लकव्याच्या रुग्णाला अनेक दिवस नीट शौच न होता अचानक पातळ गळू लागले, तर स्वतः औषध देऊ नका, नर्सला बोलवा.

यावर लंडनच्या डॉ. डॅनिएल हरारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. पक्षाघातानंतर शौचाचा त्रास असलेले 146 रुग्ण त्यांनी घेतले. निम्म्यांकडे नर्स फक्त एकदा गेली. तिने सविस्तर विचारले, तपासले, रुग्णाला आणि घरच्यांना समजावले आणि उपचार सुचवले. सहा महिन्यांनंतर या रुग्णांचे शौच इतरांपेक्षा अधिक सुरळीत होते. एक वर्षानंतरही त्यांच्यातले अधिक जण खाण्यापिण्यात केलेला बदल पाळत होते. यात कोणतेही महागडे यंत्र नव्हते. जो प्रश्न कोणी विचारत नव्हते, तो कोणीतरी बसून विचारला.

तो प्रश्न विचारल्यावर सांगायचे काय, तेही साधे आहे. जेवणानंतर अर्ध्या तासात आतडे आपोआप हलते, म्हणून सकाळच्या न्याहारीनंतर रोज ठरल्या वेळी बसवावे. पडून शौच होणे कठीण. बसता येत असेल तर मध्ये भोक पाडलेली भक्कम खुर्ची, खाली बादली आणि पाय जमिनीला टेकलेले, एवढे पुरते. कुंथायला लावू नये, त्याने रक्तदाब वाढतो. ज्वारी-मक्याची भाकरी, डाळ, अंबाडीसारखी पालेभाजी हे आपले जेवण आतड्याला चांगलेच आहे, पण त्याबरोबर पाणी हवे. पाण्याशिवाय चोथा आणखी अडकतो. गिळताना ठसका लागत असेल तर आधी नर्सला दाखवा. इसबगोल तर विचारल्याशिवाय देऊच नका. अॅस्पिरिन घेणाऱ्या रुग्णाला डांबरासारखे काळे शौच झाले तर त्याच दिवशी दवाखान्यात आणा, पोटात रक्तस्राव होत असू शकतो.

पण सगळा भार घरच्यांवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. लुधियानाचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज डॉ. एडिथ ब्राऊन यांनी 1894 मध्ये सुरू केले. तेथील डॉ. जयराज पांडियन आणि सहकाऱ्यांनी देशातल्या 14 रुग्णालयांत 1250 रुग्णांवर एक मोठा प्रयोग केला. घरच्यांना व्यायाम आणि शुश्रूषा शिकवली तर रुग्ण अधिक लवकर स्वावलंबी होतात का, हे त्यांना पाहायचे होते. 2017 मध्ये त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की सहा महिन्यांनंतर फरक पडला नाही. याचा मी असा अर्थ घेते की घरच्यांची माया कमी पडत नाही. त्यांच्या पाठीशी प्रशिक्षित माणूस हवा, आणि तो पुन्हा पुन्हा यायला हवा.

आणि लकवा येण्याआधीच तो अडवता आला तर सर्वांत उत्तम. त्याचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब, आणि तो मोजल्याशिवाय कळत नाही. आपले लोक ऊसतोडीला गुजरातेत जातात, महिनोन्‌महिने गोळी बंद राहते. होळीला मात्र बहुतेक सगळे गावी येतात. त्या आठवड्यात पाड्यापाड्यावर रक्तदाब मोजायचा आणि परत जाणाऱ्याच्या पिशवीत पुढच्या महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या, एवढे आपण करू शकतो. त्याबरोबर मीठ, बिडी, तंबाखू आणि दारू यांविषयीही बोलायला हवे.

म्हणून तुमच्याकडे माझ्या मागण्या लहान आहेत. रक्तदाब मोजण्याची यंत्रे आणि शौचाच्या खुर्च्या. घरभेटीला जाणाऱ्या नर्सताईंचा पगार आणि प्रवासखर्च. चादरी, कारण रोज धुवायला दुसरी चादर लागते. आणि तुमच्या स्वतःच्या मंडळीत कोणी लकव्याने खाटेवर असेल, तर प्रार्थनेला जाल तेव्हा सुनेला बाजूला घेऊन विचारा, ‘त्यांचे शौच नीट होते का? तुला रात्री झोप मिळते का?’

मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षघाती मनुष्याला चौघांनी उचलून आणले. त्याला एकट्या माणसाने आणले नाही. आपल्या डोंगरात तो भार बहुतेक घरी एकटी बाई उचलते. उरलेले तीन कोपरे धरायला आपण जाऊ या.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.