गाडी फुकट, पण फाट्यापर्यंत कोण नेणार?



आम्ही शेतकरी माणसं, शिक्षण चौथी. दिंडीची शंभर वर्षं ज्या पायांनी चालवली, ते पाय आता थकले. त्यांच्याविषयी दोन शब्द.

26 ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरी पार केलेल्यांना एसटी फुकट झाली. 65 ते 75 वाल्यांना अर्धं तिकीट. 17 मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना अर्धं. अपंगांना तर पाऊण तिकीट माफ. 2024 च्या आषाढीला एका गावचे चाळीस वारकरी जमले की थेट गावातून पंढरपूरला गाडी मिळायची, त्यातही ह्या सवलती होत्या.

पण मंडळी, तिकीट माफ झालं म्हणून वाट सरत नाही. आपल्या कर्जत-खालापुरात वाड्या डोंगराच्या कुशीत. म्हातारीला फाट्यापर्यंत यायचं तर रिक्षाला पैसे मोजावे लागतात. कुणाच्या आधारवर जन्मसाल चुकलेलं, कुणाकडे अपंगाचा दाखलाच नाही. मग कंडक्टर तरी काय करील?

म्हणून आमचं मागणं एकच. दिंडीनं गावोगाव दोन-दोन टाळकरी नेमावेत. त्यांनी कागद करून द्यावेत, फाट्यापर्यंत न्यावं, हाताला धरून गाडीत बसवावं. यादी भाताची पेर सुरू व्हायच्या आत झाली पाहिजे, मागून कुणाला सवड नसते.

कीर्तनात आम्ही सेवा सेवा सांगतो, ती हीच. ज्यांनी बोट धरून आपल्याला वारी दाखवली, त्यांचं बोट आता आपण धरायचं.

रामकृष्ण हरी!