शहराची जमीन आणि शहराची माणसे



विकसनशील देशांतील शहरांविषयी चर्चा सुरू झाली की तिचा आरंभ बहुधा 'लोंढ्यां'पासून होतो. खेड्यांतून माणसांचे लोंढे येतात, शहरांवर असह्य ताण पडतो, झोपड्या उभ्या राहतात आणि नगररचनाकारांचे काही चालत नाही, अशी ही मांडणी असते. ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिची सत्यासत्यता तपासण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. माणसे शहरात येतात हे खरेच आहे. परंतु आलेल्या माणसाला राहायला जागा का मिळत नाही, या प्रश्नाचे उत्तर माणसांच्या संख्येत सापडत नाही. ते जमिनीच्या मालकीत आणि तिच्या किमतीत शोधावे लागते. मुंबईचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

प्रथम लोंढ्यांचा विचार करू. आशियातील देशांत औद्योगिकीकरणाच्या मानाने शहरे फाजील वाढली आहेत, असा 'अतिनागरीकरणा'चा सिद्धान्त स्वातंत्र्योत्तर काळात पाश्चात्त्य अभ्यासकांनी मांडला होता. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. एन. व्ही. सोवनी यांनी १९६० च्या दशकात त्याची कठोर चिकित्सा केली. पाश्चात्त्य देशांच्या भूतकाळातील प्रमाण हेच साऱ्या जगाचे माप मानणे त्यांना अशास्त्रीय वाटले. मुंबईचे पुढील आकडेही त्या सिद्धान्ताच्या बाजूने साक्ष देत नाहीत. १९५१ मध्ये सुमारे ३० लाख असलेली बृहन्मुंबईची लोकसंख्या १९८१ मध्ये ८२ लाखांवर गेली. मात्र २००१ ते २०११ या दशकात ती १ कोटी २० लाखांवरून केवळ १ कोटी २४ लाखांवर गेली, म्हणजे दहा वर्षांत चार टक्केही वाढली नाही. मूळ बेटावरच्या शहराची लोकसंख्या तर या काळात अडीच लाखांनी घटली. असे असूनही २०११ च्या जनगणनेत मुंबईतील शंभरांपैकी जवळजवळ ४२ माणसे झोपडपट्टीत राहत होती. लोंढा ओसरला, तरी झोपडपट्टी राहिली. तेव्हा तिचे मूळ अन्यत्र असले पाहिजे.

अर्थशास्त्राला हे मूळ अपरिचित नाही. रिकार्डोने शेतजमिनीच्या खंडाचे विवेचन केले, मिलने मालकाच्या श्रमाविना होणाऱ्या मूल्यवाढीवर बोट ठेवले आणि हेन्री जॉर्जने १८७९ मध्ये हाच प्रश्न शहरांच्या संदर्भात जगापुढे मांडला. एखाद्या माळरानाजवळ रेल्वेचे स्थानक होते, पाण्याचा नळ येतो, शाळा आणि कारखाना उभा राहतो. जमिनीच्या मालकाने काडीही हलवलेली नसते, तरी तिची किंमत दसपट होते. ही किंमत निर्माण करतो तो समाज. तीत कर भरणाऱ्याचा वाटा असतो, रूळ टाकणाऱ्याचा असतो आणि त्या स्थानकावर रोज उतरणाऱ्या कामगाराचाही असतो. पण ती जमा होते मालकाच्या खाती, आणि ती निर्माण करणाऱ्या कामगारालाच त्या जागी राहणे अशक्य करून सोडते. नियोजनाचा प्रत्येक आराखडा जमिनीचे मूल्य बदलतो. म्हणून ही वाढ कोणाची, हे न ठरवता केलेले नियोजन कागदावरच्या रंगीत नकाशापलीकडे जात नाही.

मुंबईत या प्रश्नाला बगल देण्याची परंपरा जुनी आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सरकारने सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. रुंद रस्ते झाले, हवेशीर वस्त्या झाल्या. परंतु त्यांसाठी ज्यांची घरे पाडली गेली, त्यांतील असंख्य गरीब लगतच्या चाळींत दाटीवाटीने जाऊन राहिले. दाटी नाहीशी झाली नाही, तिने केवळ जागा बदलली. २०२० च्या जुलैत करोनाच्या साथीत मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणी झाली, तेव्हा झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे दिसले. झोपडपट्टीबाहेर हेच प्रमाण १६ टक्के होते. प्लेगने शिकवलेला धडा सव्वाशे वर्षांनंतरही शिकायचा राहिलेला आहे.

या प्रदीर्घ काळात उपाय झालेच नाहीत, असे मात्र नाही. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे जोडशहर वसवण्याची कल्पना मांडली आणि १९७० मध्ये त्यासाठी 'सिडको'ची स्थापना झाली. जमीन सार्वजनिक मालकीची करावी आणि तिच्या वाढत्या किमतीतूनच शहराचा खर्च भागवावा, हे तत्त्व निःसंशय पुरोगामी होते. परंतु ९५ गावांच्या शेतकऱ्यांना मिळाला तो शेतजमिनीचा भाव, आणि भूखंड विकले गेले शहराच्या भावाने. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच शेतकऱ्यांचे बळी गेले. त्यानंतरच साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याच्या धोरणाचा मार्ग मोकळा झाला. मूल्यवाढीतील हिस्सा मागणे हा गुन्हा नसून न्याय आहे, हे आगरी-कोळी शेतकऱ्यांनी प्राण देऊन सिद्ध केले. सार्वजनिक मालकी म्हणजे आपोआप सामाजिक न्याय नव्हे. शासन स्वतःच जमिनीचे व्यापारी झाले, तर मालक बदलतो, व्यवहार तोच राहतो.

दुसरा उपाय १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा. मुंबईत ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक मोकळी जमीन एका मालकाकडे असू नये, हा त्याचा गाभा. समाजवाद्यांनी त्याचे स्वागत केले होते, म्हणूनच त्याच्या अपयशाचीही त्यांनी स्पष्ट चर्चा केली पाहिजे. सवलतींची कलमे इतकी सैल होती की मालकांना सुटका मिळत गेली. जी जमीन सुटली नाही ती खटल्यांत अडकली. गोरेगावजवळ दिंडोशीला मृणाल गोरे आणि प. बा. सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेने अशा अतिरिक्त जमिनीवर सामान्यांसाठी हजारो घरे उभी केली. लोकांची संघटना पाठीशी असेल तर हाच कायदा काय करू शकला असता, याचा तो पुरावा आहे. असे प्रयोग वाढवण्याऐवजी २००७ मध्ये महाराष्ट्राने कायदाच रद्द केला.

गिरण्यांच्या जमिनीची कथा याहून विदारक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप मोडला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि शहराच्या मध्यावरची सुमारे ६०० एकर जमीन चर्चेत आली. १९९१ च्या नियमाने पुनर्विकासात या जमिनीचे तीन भाग कल्पिले होते : एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी 'म्हाडा'ला आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. चार पिढ्यांच्या घामाने मोलाला आलेली जमीन नियमातील एका दुरुस्तीने शहराच्या हातून निसटली. त्यावर आज मनोरे आहेत, आणि बहुसंख्य गिरणी कामगारांचे वारस घरासाठी सोडतीच्या यादीत नाव शोधत राहिले.

१९९५ नंतरच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने तर नियोजनाची सूत्रेच बाजाराकडे दिली. बिल्डरने झोपडीवासीयांना फुकट घर द्यावे आणि वाढीव बांधकाम विकून खर्च व नफा काढावा, ही ती रचना. जमिनीचा भाव जिथे चढा, तिथेच पुनर्वसन. जिथे भाव कमी, तिथल्या गरिबाला वाली नाही. १९८५ मध्ये पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात अंतर्भूत मानला, पण नोटीस देऊन हटवण्याची मुभाही ठेवली. उपजीविकेच्या जवळ राहण्याचा हक्क अधांतरीच राहिला.

अन्य देशांचे अनुभव या संदर्भात बोलके आहेत. सिंगापूरने १९६६ च्या कायद्याने जमीन मोठ्या प्रमाणावर ताब्यात घेतली, आणि आज तेथील दहांपैकी जवळजवळ आठ रहिवासी सार्वजनिक गृहनिर्माणाच्या घरांत राहतात. तेथील राजवटीची एकाधिकारशाही अनुकरणीय नाही, परंतु जमिनीविषयीचा निर्धार दुर्लक्षिण्याजोगा नाही. दुसऱ्या टोकाला कराचीची ओरंगी ही वस्ती. १९८० पासून अख्तर हमीद खान यांच्या प्रेरणेने तेथील गरीब रहिवाशांनी गल्लीगल्लीत स्वतःच्या पैशाने सांडपाण्याचे नळ टाकले. आपल्या घरावर बुलडोझर येणार नाही असा विश्वास वाटला, की माणूस वस्ती सुधारण्यासाठी स्वतःची पुंजी लावतो.

या साऱ्यातून काही निष्कर्ष निघतात. सार्वजनिक जमीन विकू नये. ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी. रस्ते, मेट्रो वा आराखड्यातील बदलामुळे होणाऱ्या मूल्यवाढीचा हिस्सा समाजाने वसूल करावा. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यातही ही तरतूद होती, तेव्हा तिला परकी म्हणता येणार नाही. वस्त्या आहेत तेथेच रहिवाशांना हक्काची शाश्वती, पाणी आणि मलनिस्सारण मिळावे. आणि आराखडा लोकनियुक्त संस्थेने लोकांसमोर करावा. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन हा नगरपालिकांचा विषय मानला. तरीही २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर मुंबई महापालिकेत तीन वर्षांहून अधिक काळ लोकनियुक्त सभागृहच नव्हते.

मुंबईत बराच उशीर झालेला आहे. पण भारताचे भावी नागरीकरण केवळ मुंबईत होणार नाही. जनगणनेच्या निकषांनी शहर ठरलेल्या, परंतु नगरपालिका नसलेल्या गावांची संख्या २००१ मध्ये १,३६२ होती. २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. तेथे आजही पुष्कळ जमीन शेतीची आहे. उद्याचे स्थानक, बाजार आणि वसाहत कोठे होणार याचा सुगावा लागताच ती दलालांच्या हाती जाईल. शाळेची, दवाखान्याची आणि कामगारांच्या घरांची जमीन त्याआधी राखून ठेवणे तेथे अजून शक्य आहे. मुंबईची किंमत मोजून मिळालेले हे ज्ञान त्या गावांच्या उपयोगी पडावे, यासाठी तेथील कार्यकर्त्यांनी आजच सातबारा आणि विकास आराखडा शेजारी ठेवून वाचायला शिकले पाहिजे.