अर्धेलीचं घर

अर्धेलीची शेती आपल्या खेड्यांना नवी नाही. जमीन एकाची, राबायचं दुसऱ्यानं आणि पीक निम्मं-निम्मं. इटलीतल्या टस्कनी प्रांतात हीच पद्धत मध्ययुगापासून रूढ होती. तिचं नाव 'मेत्साद्रिया'. 'मेत्सो' म्हणजे निम्मं. आपल्या शब्दाचं जणू सख्खं भावंडच!

तिथल्या मोठ्या इस्टेटीत जमीनदाराचा वाडा असे, त्याला 'व्हिला' म्हणत. जमिनीचे लहान लहान वाटे पाडलेले आणि प्रत्येक वाट्यावर कुळाचं दगडी घर. खाली गुरांचा गोठा, वर माणसं. 1765 ते 1790 या काळात राज्य करणाऱ्या ग्रँड ड्यूक लिओपोल्डनं अशी घरं चांगली बांधण्यास उत्तेजन दिलं. घर ऐसपैस खरं, पण ते मालकाचं. हिशेबाची वही कारभाऱ्याच्या हाती. कुळाच्या घरी लग्न ठरलं तरी मालकाची संमती लागे. शेताला हात किती आणि खायला तोंडं किती, याचा मेळ तो घाली!

दुसऱ्या महायुद्धानंतर कुळांनी चळवळी केल्या आणि त्यांचा वाटा 53 टक्क्यांवर आला. पण एवढ्यावर तरुण मुलगा शेतात थांबतो होय? तो फ्लॉरेन्सला, प्रातोच्या कापड गिरण्यांत गेला. 1964 च्या कायद्यानं अर्धेलीचे नवे करार बंद झाले, तोवर कितीतरी घरं ओस पडू लागली होती.

मग या घरांना नवा धनी भेटला: शहरातला पाहुणा. 1985 साली इटलीनं शेतावरच्या पाहुणचारासाठी कायदाच केला. त्यातलं मर्म असं, की शेती मुख्य आणि पाहुणचार जोडधंदा. आज जुन्या गोठ्यात पाहुण्यांचे पलंग आहेत. घराच्या माहितीत सरदार घराण्याची वंशावळ कौतुकानं सांगितली जाते. ज्यांची गुरं तिथं बांधलेली असत, त्यांचा उल्लेख पुष्कळदा ओझरताच.

महाराष्ट्रानंही 2020 मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण स्वीकारलं. आपल्याकडचे जुने वाडेही पाहुण्यांसाठी उघडू लागले आहेत. उत्तम गोष्ट आहे. ओस पडण्यापेक्षा घर नांदलेलं बरं. मात्र वाड्याचा इतिहास सांगताना ज्यांच्या घामावर तो उभा राहिला, त्या कुळांनाही त्यात त्यांचा वाटा द्यावा. निदान इथं तरी तो निम्म्याहून कमी नसावा.