चार दिवस डोंगरात
(मिरज येथील बैठकीतील भाषण)

मैत्रिणींनो, दसऱ्यानंतर चार दिवस बामणोलीकडे डोंगर चालायला जायचं ठरतंय. ‘घरी कोण बघणार?’ हा प्रश्न आलाच. पुरुष निघतात तेव्हा तो कुणी विचारत नाही.

कोयनेचा शिवसागर लाँचने ओलांडून वासोट्याची चढण. त्या पाण्याखाली गावं गेली आहेत, हे लाँचमध्ये बसताना आठवावं. रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. वनखात्याचा परवाना लागतो, गडावर मुक्काम नाही, म्हणून रात्री गावातच.

आता वाटाड्याचं. सरपणासाठी, गुरांमागे जन्मभर रान तुडवलेल्या बाया तिथे आहेत, पण वाट दाखवायला बोलावतात बहुधा पुरुषालाच, बाईकडे भाकऱ्या. आपण वाट दाखवायला बाईच मागायची, मजुरी पुरुषाइतकीच. भाकरीचे पैसे वेगळे.

पाळी आली तरी यायचं. नावं आज लिहून घेऊ.