एका रुपयांत पुढाऱ्याचा हिशेब

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



मोंढ्यावर सोयाबीनचीं दहा पोतीं घातलीं तर आडत्याची पट्टी घेतल्यावांचून आपण घरीं परतत नाहीं. हमाली किती, तोलाई किती, उचल किती कापली, हें अक्षरशत्रु म्हातारासुद्धां दोनदां वाचवून घेतो. मग जो माणूस पांच वर्षें आपल्या रस्त्याचा, पाण्याचा, पीकविम्याचा कारभार पाहणार, त्याची पट्टी आपल्यापैकीं किती जणांनीं पाहिली आहे? पाहणारा सोडाच, ती पाहतां येते हें ठाऊक असलेलाही विरळा!

१९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो कीं, आमदारकी-खासदारकीच्या उमेदवारानें अर्ज भरल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या खर्चाचा हिशेब निकालानंतर तीस दिवसांत जिल्ह्याच्या निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा. सबळ कारणाशिवाय न दिल्यास आयोग त्याला तीन वर्षें अपात्र ठरवितो. आणि १९६१ च्या नियमांत तर सोन्यासारखें एक वाक्य आहे: एक रुपया फी भरून कोणाही माणसास तो हिशेब पाहतां येतो. कोणाही म्हणजे तुम्हांलाही. त्यासाठीं वकील लागत नाहीं.

आतां आपल्याच जिल्ह्यांतली गोष्ट ऐका. २००९ सालीं भोकर मतदारसंघांत त्या वेळचे मुख्यमंत्री अशोकराव चव्हाण उभे होते. त्यांच्या हिशेबांत वर्तमानपत्रांतील जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये, आणि केबल टीव्हीचा ६,००० रुपये. इकडे निवडणुकीच्या दिवसांत त्यांच्या स्तुतीनें पानेंच्या पानें भरलीं होतीं. एक मजकूर तर निरनिराळ्या वर्तमानपत्रांत अक्षरशः एकच! पत्रकार पी. साईनाथ यांनीं तें चव्हाट्यावर मांडलें आणि पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर आयोगाकडे गेले. आपण त्या मजकुरासाठीं पैसा दिला नाहीं, असें चव्हाणांचें म्हणणें. ५ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, हिशेब खरा कीं खोटा हें तपासण्याचा आयोगास अधिकार आहे. जुलैंत आयोगानें हिशेबावर ठपका ठेवला. सप्टेंबरांत दिल्ली उच्च न्यायालयानें तो निर्णय रद्द केला. चव्हाणांवर अपात्रता आली नाहीं, तेव्हां आम्ही त्यांना दोषी म्हणत नाहीं. आम्ही एवढेंच दाखवितों कीं, ज्या विधानसभेची ही निवडणूक, तिची मुदत संपत आली तेव्हां हा वाद मिटला.

आणि आपला ग्रामपंचायतीचा सदस्य? १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ ब नें त्यालाही हिशेबाचें बंधन आहे. चुकला कीं पांच वर्षें बाहेर. ज्याच्या पदरीं वकील व हिशेबनीस, त्याचा कागद चोख. राखीव जागेवर पहिल्यांदाच निवडून आलेल्या सुताराला किंवा मजुरी करणाऱ्या बाईला तो कागद भरून कोण देतो? खर्च नसला तरी तसें लिहून वेळेंत द्या, आणि पोंच घ्या. पोंच घेतल्यावांचून कचेरीची पायरी उतरूं नका.

मोठ्यांच्या वाटा निराळ्या. २०२२ पासून आपल्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख झाली. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाहीं. १९७४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें उमेदवारासाठीं पक्षानें केलेला खर्च उमेदवाराच्या नांवें धरला, तर सरकारनें त्याच वर्षीं वटहुकूम काढून ती वाट मोकळी केली. २०१८ पासून देणगीदाराचें नांव झांकणारे निवडणूक रोखे आले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं न्यायालयानें ते घटनाबाह्य ठरविले आणि नांवें उघडीं करविलीं. पण गुप्तपणें देणारा धनी आपल्या पैशाचा मोबदला ज्या तिजोरींतून घेईल ती आपलीच ना?

आतां खरी गोष्ट. कागदावरचा आकडा खरा कीं खोटा हें दिल्लीच्या साहेबाला काय ठाऊक? तें तुम्हांला ठाऊक आहे. मंडप तुम्हीं घातला. भोंगा तुम्हीं बांधला. हलगी तुम्हीं वाजविली, जीप तुम्हीं हांकली, मटणाच्या डेगी तुम्हीं उतरविल्या. आणि मजुरी घेतली रोख, विनापावती! खोट्या हिशेबाला पहिली साथ आपलीच नव्हे काय? बोलूं ती उघड बोलूं: मतासाठीं नोट देणारा जसा कायद्यानें गुन्हेगार, तसा घेणाराही.

म्हणून पुढच्या निवडणुकींत मंडपवाल्यानें, आचाऱ्यानें, वाजंत्र्यानें आपल्या वहींत तारीख, गांव व रक्कम लिहावी आणि पावती द्यावी-घ्यावी. खर्चाची नोंदवही निवडणूक चालू असतांनाच निरीक्षक तपासतो. तक्रार त्याच वेळीं करावी. निकालानंतर तीस दिवस सरले कीं गांवागणिक दोघांनीं नांदेडच्या वा लातूरच्या कलेक्टर कचेरींत जावें, रुपया भरावा, हिशेब मागावा, आणि आपल्या गांवच्या सभेचा मंडप त्यांत कितीला लावला आहे तें आपल्या वहीशीं ताडून पाहावें.