ऐकीव कायदा

(वर्षावासातील एका सायंसभेत नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेले भाषण)



गेल्या पावसाळ्यात एक माता आपल्या कन्येला घेऊन माझ्या कचेरीत आल्या. मुलगी बारावी उत्तीर्ण, गुण उत्तम. कुटुंबाने दोन वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतलेली. मातेने मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यावर एक संदेश होता : बौद्ध म्हणून नोंद करणाऱ्यांच्या अनुसूचित जातीच्या सवलती केंद्र सरकारने बंद केल्या आहेत, सर्वांना कळवा. मी विचारले, "ताई, हा आदेश कोणत्या खात्याचा? क्रमांक काय? तारीख कोणती?" संदेशात यांपैकी एकही गोष्ट नव्हती. तथापि त्यावर विश्वास ठेवून त्यांनी मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरलाच नव्हता, आणि माझ्याकडे येईपर्यंत मुदत टळून गेली होती. त्या मुलीचा हक्क संसदेने काढून घेतला नव्हता, न्यायालयाने घेतला नव्हता. तो एका निनावी संदेशाने घेतला.

अशा वेळी त्या मातेला भोळी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मी तसे म्हणणार नाही. कारण हा संदेश खोटा असला तरी तो हवेतून पडलेला नाही. एके काळी तो खरा होता! १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींची यादी आहे. त्याच आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूखेरीज अन्य धर्मीयांना यादीबाहेर ठेवले. अपवाद होता तो फक्त काही शीख जातींचा. १९५६ साली शिखांसाठी ते दार पूर्ण उघडले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, आणि त्या जनसमूहावर मात्र हेच दार बंद झाले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर राज्य शासनाने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राचे दार बंदच राहिले. 'पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम' या खटल्यात, राखीव जागेवरून निवडून आलेल्या उमेदवाराने बौद्ध धम्म स्वीकारला होता एवढ्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने त्याची निवड रद्द ठरविली. तो निकाल १९६५ च्या ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये छापलेला आहे. ज्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांनी हे सारे सोसले, त्यांच्या मनातील भीती अकारण कशी म्हणावी?

परंतु १९९० साली संसदेने त्या तिसऱ्या परिच्छेदात 'बौद्ध' हा शब्द घातला. त्या दिवसापासून यादीतील जातीचा मनुष्य बौद्ध झाला तरी तो केंद्राच्या दृष्टीनेही अनुसूचित जातीचाच राहतो. म्हणजे आज जे कानोकानी फिरते आहे, ते मुदत संपलेले सत्य होय. निखळ असत्य ओळखणे त्या मानाने सोपे असते. मुदत संपलेले सत्य आजोबांच्या तोंडून येते, त्यात अनुभवाची धग असते, आणि म्हणून ते नातवाला फसविते.

असाच दुसरा प्रवाद महाविद्यालयातील आपल्या मुलांच्या तोंडावर फेकला जातो, की बाबासाहेबांनी आरक्षण दहाच वर्षांसाठी ठेवले होते. मुले निरुत्तर होतात. त्यांनी घटनेचे ३३४ वे कलम उघडून पाहावे. दहा वर्षांची मुदत होती ती लोकसभेतील व विधानसभांतील राखीव जागांना. ती मुदत प्रत्येक वेळी घटनादुरुस्ती करून वाढविण्यात आली, आणि २०१९ च्या १०४ व्या घटनादुरुस्तीने ती २०३० पर्यंत नेली आहे. नोकरीतील आरक्षणाचा आधार १६ (४) हे कलम आहे, शिक्षणातील आरक्षणाचा आधार १९५१ साली घातलेले १५ (४) हे कलम. या दोहोंत वर्षांची मर्यादा कोठेही लिहिलेली नाही. एवढे दोन अंक पाठ असले की वाद मिटतो. आपल्यापैकी किती जणांना ते पाठ आहेत?

येथवर मी परक्यांनी पसरविलेल्या असत्याविषयी बोललो. आता आपल्याच व्यासपीठाविषयी बोलणे मला भाग आहे. वकिलाने वक्तृत्वाला नावे ठेवावीत हे काहींना चमत्कारिक वाटेल. आमचे पोटच त्यावर चालते. तरीही बोलतो.

काही वर्षांपूर्वी एका गावी जयंतीच्या सभेत एक वक्ते दीड तास गर्जत होते. टाळ्यांनी मंडप दणाणला. आवेशाच्या भरात ते म्हणाले की ज्या कागदावर तुमची जुनी जात लिहिली आहे तो गुलामीचा कागद घरात ठेवू नका, जाळून टाका. वाक्य ऐकण्यास मोठे तेजस्वी. त्या रात्री एका गृहस्थाने आपल्या वडिलांचा प्राथमिक शाळेचा १९४७ चा दाखला खरोखरच चुलीत घातला. पुढे त्यांच्या मुलाच्या जातपडताळणीची वेळ आली. २००१ पासून अमलात असलेल्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे आपला दावा सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो, आणि अनुसूचित जातीच्या बाबतीत पुरावा मागतात तो १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. जो कागद त्या घराची ढाल होता, तोच राख झाला होता. वक्ते तोपर्यंत दुसऱ्या गावी, दुसऱ्या मंडपात गेले होते!

त्या कुटुंबासाठी मी आणि माझे सहकारी दोन महिने हिंडलो. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरची पाने वाळवीने खाल्लेली. अखेरीस तहसील कचेरीतील कोतवाल बुकात आजोबांच्या एका भावाच्या जन्माची नोंद जातीसह सापडली. वंशावळ जोडून ती दाखल केली. मुलाला वैधता मिळाली, परंतु एका वर्षाचा प्रवेश हातचा गेला. भगवंतांनी सम्यक् वाचेत केवळ असत्य वर्ज्य केले नाही, निरर्थक बडबडही वर्ज्य केली. त्या वक्त्यांचे वाक्य असत्य होते असे मी म्हणत नाही. ते अर्थशून्य होते, आणि त्याची किंमत एका मुलाने मोजली.

बौद्ध होणे म्हणजे जात मानणे सोडणे. जातीचा पुरावा सोडणे नव्हे. जातीने केलेल्या अन्यायाची भरपाई मागताना ती जात कागदावर दाखवावी लागते, यात विसंगती नाही. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असे निःशंकपणे लिहा; जातीच्या रकान्यात यादीतील जातीचे नाव लिहा. 'बौद्ध' हे यादीतील जातीचे नाव नव्हे, म्हणून दोन्ही रकाने भरावे लागतात. २०२७ च्या जनगणनेविषयीही 'बौद्ध लिहिले की सवलत गेली' अशी कुजबूज कानी येते. २०११ साली या देशात सुमारे ८४ लाख लोकांनी आपला धर्म बौद्ध असा नोंदविला, त्यांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रातील होते. धर्म बौद्ध नोंदविला एवढ्याने त्यांची सवलत गेली नाही.

केसपुत्त गावच्या कालामांनी भगवंतांना विचारले होते की येणारा प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, आम्ही कोणाचे मानावे? ऐकीव आहे म्हणून मानू नका, सांगणारा आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका, अशा आशयाचा उपदेश त्यांना मिळाला. वकिलाच्या भाषेत त्याचा अर्थ असा की कागद मागा. संसदेचा कायदा असेल तर त्याला वर्ष व क्रमांक असतो. न्यायालयाचा निर्णय असेल तर पक्षकारांची नावे असतात. महाराष्ट्राचा शासन निर्णय असेल तर त्यावर संकेतांक छापलेला असतो आणि तो अंक शासनाच्या संकेतस्थळावर घालून पाहता येतो. घरातील दहावी शिकलेली मुलगी हे काम पाच मिनिटांत करील. हे केल्यावाचून संदेश पुढे पाठवू नका. माझेही आजचे भाषण याच रीतीने तपासा.

घरी गेल्यावर आजोबा-पणजोबांचे दाखले, गाव नमुना चौदाचे उतारे, जुनी खरेदीखते, जे असेल ते पेटीतून बाहेर काढा आणि प्रत्येकाच्या दोन साक्षांकित प्रती करून ठेवा. ज्यांच्याजवळ काहीच उरलेले नाही त्यांनी संकोच धरू नये. पुढील चार रविवार सायंकाळी सहा ते नऊ मी या विहाराच्या ओसरीवर बसणार आहे. येताना गावाचे, तालुक्याचे आणि वडिलांच्या शाळेचे नाव लिहून आणा.

जय भीम.