घराचा नकाशा
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



चित्रकला शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून आज एका चित्रकर्तीविषयी बोलतो. झरीना हाश्मी यांचा जन्म १९३७ चा, अलीगढचा. वडील तिथल्या विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. झरीनांनी पदवी मात्र गणिताची घेतली. फाळणी झाली तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. पुढे आईवडील कराचीला गेले. नवरा परराष्ट्र खात्यात, त्यामुळे झरीना बँकॉक, पॅरिस अशा गावोगावी राहिल्या आणि अखेर न्यूयॉर्कला स्थिरावल्या.

१९९९ मध्ये तिथलीही जागा सोडावी लागेल अशी वेळ आली. तेव्हा त्यांनी ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ ही ३६ चित्रांची मालिका केली. लाकडावर कोरून कागदावर उमटवलेले काळे ठसे आणि प्रत्येकासोबत एक उर्दू शब्द. सुरुवात ‘घर’ या शब्दाने. तिथे दिसतो अलीगढच्या घराचा आराखडा. मग उंबरठा, अंगण, पाऊस, अंतर, सीमा. माणूस एकाही चित्रात नाही. आपल्या भूमितीच्या वहीतल्या आकृत्यांसारख्या नुसत्या रेघा. पण पाहताना गळा दाटून येतो.

त्यांची बहीण राणी पाकिस्तानात होती. आईवडील गेल्याचं, घर विकल्याचं तिने पत्रांत लिहिलं. पण टपालात टाकलं नाही. दूर एकटी असलेल्या बहिणीला त्रास नको, म्हणून. पुढे ती पत्रं झरीनांच्या हाती आली. त्या अक्षरांवर त्यांनी घरांचे आणि शहरांचे नकाशे छापले. ती मालिका २००४ ची, ‘लेटर्स फ्रॉम होम’.

मित्रहो, आपणही राणीसारखेच आहोत. ग्रुपवर रोज ‘शुभ सकाळ’ पाठवतो. पण गावचं घर विकलं, आईची खोली आता बंद असते, हे कोण कळवतं? आपल्यातल्या कितीतरी जणांना परतायला घर उरलेलं नाही. ते घर पाहिलेली माणसं मात्र या सभागृहात बसली आहेत. कुणाच्या पडवीत आपण पाढे घोकले, कुणाच्या माजघरात जेवलो, हे इथे ठाऊक आहे.

म्हणून या स्मरणिकेचं शेवटचं पान कोरं ठेवायला संपादकांना सांगितलं आहे. त्यावर आपल्या लहानपणच्या घराचा नकाशा काढा. रेघ वाकडी आली तरी चालेल, गुण द्यायचे नाहीत. विहीर कुठे होती ते आठवलं नाही, तर शेजारच्या बाकावरच्याला विचारा. आणि काढलेला नकाशा पत्रासारखा एकमेकांना पाठवा. कपाटात ठेवू नका.